नात कडेवर, सून खाडीत

कोकणात जाऊन आले म्हटलं की आमच्या कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला, "मासं खाल्लं का न्हाई?" खाल्लं की! पोटभर खाल्लं. दुसरा प्रश्न, "देवदर्शन कुठं कुठं झालं?" कुठंही झालं नाही. तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही, म्हणून मीच सांगते. मी कोकणात माझ्या सुनेच्या संशोधनावर गेले होते. संशोधन तिचं, चिखल तिचा, आणि किनाऱ्यावर पोर धरून बसायचं काम माझं. ही सहल नव्हती आणि बाळंतपण उरकायला गेले होते असंही नव्हे. पण साठ वर्षांत एवढी मान वर करून मी कुठूनच परत आले नव्हते, म्हणून हे लिहायला बसले.

माझी सून मीनल रत्नागिरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मुलगा अभिजित मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आहे. मीनलचं संशोधन खाडीतल्या तिसऱ्यांवर. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यातला तो जीव, ज्याचं सुकं करून आपण बोटं चाटत खातो. "त्यात काय संशोधन करायचं?" असं आमच्या भिशीतल्या एकीनं मला विचारलं होतं. तिला म्हटलं, "तू खातेस ना? मग पुढच्या वर्षी त्या खाडीत असतील की नाही ते कुणीतरी बघायला नको?"

आता यातली खरी मेख सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. या कामाला दिल्लीच्या एका खात्याकडून तीन वर्षांचा निधी मिळतो. अट अशी की अर्ज करणारा पस्तिशीच्या आतला हवा. पुरुष त्या वयापर्यंत दोन-दोन प्रकल्प उरकून बसलेले असतात. मीनलची चार वर्षं एक मार्गदर्शक शोधण्यात गेली. "लग्न झालंय, म्हणजे आता सुट्टीवर जाणार," असं तिला तोंडावर सांगणारे लोक भेटले. कसाबसा शेवटच्या संधीला तिचा अर्ज मंजूर झाला, आणि त्याच वर्षी सईची चाहूल लागली. लग्नाला इतकी वर्षं झालेली. दोन्ही गोष्टी एकदम आल्या, तर बाईनं काय करायचं?

कॉलेजनं बाळंतपणाची रजा दिली. प्रकल्पाला मात्र रजाच नसते! त्याचे महिने चालूच. मग दिल्लीहून फोन आला की काम थांबलंय असं दिसतं, दोघांची समिती बघायला येईल. काम चालू नसेल तर उरलेला प्रकल्प तिच्याच विभागातल्या कदम सरांच्या नावे होईल. कदम सर चांगले गृहस्थ आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनाही दोन मुलं आहेत. ती झाली तेव्हा त्यांच्या प्रयोगांचं काय झालं, असं त्यांना दिल्लीहून कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. मीनलची पस्तिशी तर उलटून गेली होती. हा प्रकल्प गेला असता तर तिला दुसरा अर्ज करायला दारच उरलं नसतं.

फोनवर ती रडली नाही. "आई, सईला धरायला कुणी नाही," एवढंच म्हणाली. मी बॅग भरली.

आंबा घाट उतरताना

कोल्हापूरहून एसटीनं निघाले. मलकापूर मागे पडलं आणि आंबा घाटात गाडी शिरली तशी हवा बदलली. घाटावर अंगाला कोरडं वारं लागत होतं, खाली साखरप्याला उतरलो तर पदर मानेला चिकटायला लागला. माती तांबडी, दगडही तांबडा. तिथं त्याला जांभा म्हणतात, नि त्याच्या विटांसारख्या चिऱ्यांची घरं बांधतात. आमच्याकडे काळा दगड बघायची सवय, त्यामुळे मला सगळा मुलूखच नुकता सारवल्यासारखा वाटला.

साखरप्याला एक देवरुखचे गृहस्थ शेजारी येऊन बसले. कोकणी माणूस कमी बोलतो म्हणतात. कोण म्हणतं देव जाणे! पाली यायच्या आत माझी सगळी कुंडली काढून झाली.

"सुनेकडं चाललात? बाळंतीण आहे वाटतं."

"होय, पाच महिन्यांचं आहे. पण मी तिला कामावर पाठवायला चाललेय."

"म्हणजे?"

"ती खाडीत जाणार, मी पोर धरणार."

गृहस्थ त्यांच्या हेल काढलेल्या बोलण्यात म्हणाले, "सासवा सुनेला घरात बसवतात नि तुम्ही बाहेर काढताय. उलटीच तऱ्हा हो तुमची कोल्हापूरची!"

"कोल्हापूरची नाही, माझी," मी म्हटलं. तेही हसले आणि त्यांनी मला फणसपोळी दिली. कोकणातला माणूस चेष्टा केल्यावर खायला देतो, हे मी त्या प्रवासात नीट बघून ठेवलं.

रत्नागिरी

सई मला बघून आधी रडली. हक्कानं रडली. माझ्यासारखाच आवाज आहे तिचा, घुमणारा. दोन दिवसांत आमचं जमलं. एकच पंचाईत होती, पोर बाटली तोंडाला लावू देईना. आईचं नाहीतर मग वाटी-चमच्यानं, तेही आईचंच दूध. मीनल दूध काढून ठेवायची आणि मी चमच्यानं पाजायची सवय लावायची, असा आमचा सराव सुरू झाला.

संध्याकाळी मीनल मला समुद्राचा हिशेब समजावायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. तेव्हा भरती खूप वर चढते आणि ओहोटी खूप खाली उतरते. मधल्या दिवसांत पाणी नुसतं थोडं वर, थोडं खाली. तिसऱ्यांच्या जागा पूर्ण उघड्या पडतात त्या उधाणाच्या ओहोटीलाच. म्हणजे महिन्यातले मोजके दिवस, आणि त्यातही दिवसाउजेडाची थोडीशी वेळ. ती चुकली की पंधरवडा गेला. आमची पंचगंगा आपली सरळ एका दिशेला जाणारी, त्यामुळे रोज वेळ बदलून जाणारं आणि परत येणारं पाणी डोक्यात बसायला मला वेळ लागला. बसलं तेव्हा दुसरं लक्षात आलं. पाणीही बाईच्या सोयीनं चालत नाही आणि पोराची भूकही चालत नाही, आणि या दोघांच्या मधल्या फटीत माझी सून संशोधन करत होती.

सांगून टाकते. मीही एकेकाळी बी.एस्सी.ला होते. दुसऱ्या वर्षाला अभिजित झाला आणि पुस्तकं कपाटात गेली. पुढं प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलं, आनंदानं शिकवलं, त्याचं दुःख नाही. पण मीनल ते सगळं समजावत होती तेव्हा मला ते भराभर कळत होतं, आणि त्याचा मला मनापासून आनंद होत होता.

दाभोळ

अमावास्येचं उधाण जवळ आलं तशी आम्ही तिसऱ्यांच्या खाडीकडं निघालो. चिपळूण, गुहागर करत भाड्याची जीप धोपाव्याला पोचली. तिथून वाशिष्ठीची खाडी ओलांडायची आणि पलीकडं दाभोळ. लाँचमध्ये एका अंगाला मोटारसायकली, दुसऱ्या अंगाला माशांच्या टोपल्या आणि मध्ये मी, नात, आणि सोबत लोखंडी चौकट, चाळण्या, बरण्या. एका बाईनं विचारलं, "लोणची घालतांव काय?" मीनल म्हणाली, "तसंच काहीसं." बरण्यांतल्या औषधाचा वास आला तशी ती बाई लांब सरकून बसली.

उधाणाच्या दिवसांसाठी मीनलनं हलीमाबींच्या घरातली ओटीवरची खोली घेतली होती. घर धक्क्याच्या अगदी वर. हलीमाबी माझ्याच वयाच्या, नाकात चमकी, बोलणं फटकळ. मुलगा कुवेतला. सून सकिना घरात, आणि तिच्या मांडीवर सईपेक्षा थोडा मोठा मुलगा, इरफान. मी बॅग ठेवते न ठेवते तोच हलीमाबींनी विचारलं, "कोल्लापूरच्या ना तुमी? मग आमचा कालवण तुमाला पाणचट लागल."

"पाणचट लागलं तर सांगेन," मी म्हटलं.

लागलं नाही. नारळाच्या रसातलं ते कालवण, वर तिरफळाचा वास आणि मऊ लुसलुशीत तांदळाची भाकरी. तिखट कमी, हे खरं. पण मी दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा हलीमाबींनी सकिनाकडं असं बघितलं की मला त्यांचा विजय मान्य करावाच लागला. मग मी माझ्या बॅगेतली कांदा-लसूण चटणी काढली. हलीमाबींनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणाल्या, "हां! ह्या काय तरी हाय!" आमची मैत्री झाली ती अशी.

धक्क्यावरून खाडीच्या मधोमध ओहोटीला उघडी पडणारी वाळू दिसते. तिला पुळण म्हणतात. मीनलचं काम तिथं. आमचं असं ठरलं होतं की सई आवरेनाशीच झाली तर मी धक्क्यावर उभं राहून लाल शाल हलवायची. मग हलीमाबींचे म्हातारे दीर छोटी होडी घेऊन जातील आणि मीनलला आणतील. पहिल्याच दिवशी सईनं भोकाड पसरलं आणि मी शाल हलवली. मीनल आली. पोर दोन मिनिटं प्यायलं आणि झोपलं! तोवर पाणी चढायला लागलेलं, अर्धं काम राहिलं. मीनल मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. तेव्हाच ठरवलं, आता आकाश कोसळलं तरी शाल हलवायची नाही.

समिती

अमावास्येला समिती आली. बरोबर अकरा वाजता! मीनलनं फोनवर तीनतीनदा सांगितलं होतं की दुपारनंतर या. पण त्यांच्याकडं म्हणे तपासणी नेहमी अकरालाच असते, मग ती प्रयोगशाळेची असो नाहीतर खाडीची. अमावास्येचे अकरा म्हणजे तिथं भरतीचा कळस. पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढून वर आलेलं, पुळणीचा मागमूस नाही.

दोघं होते. एक सर, गोल चेहऱ्याचे, हसरे. एक मॅडम, पिकल्या केसांच्या, कडक इस्त्रीची साडी, हसणं बहुतेक दिल्लीत ठेवून आलेल्या.

सरांनी इकडंतिकडं बघितलं. "फील्ड कहाँ है?"

"सर, आप उसी को देख रहे हैं," मीनल म्हणाली. "पानी के नीचे है."

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी आत गेले.

ओहोटीपर्यंत थांबायचं ठरलं. हलीमाबींनी त्यांना जेवू घातलं. जेवताना सर अगदी प्रेमानं मीनलला म्हणाले, "बेटा, बच्ची अभी छोटी है. काम किसी और को दे दो, दो साल बाद फिर अप्लाय कर लेना." माणूस मनानं वाईट नव्हता, म्हणून तर मला जास्त राग आला. अशा गोड बोलणाऱ्यांनीच बायकांची आयुष्यं घरी बसवलीत.

"दो साल बाद नहीं कर सकती, सर," मीनल म्हणाली. "उम्र निकल गई है."

मॅडमनी मान वर केली. "ये बच्ची हर बार साथ आती है?"

"जी."

"और काम के बीच में रोई तो?"

मीनलनं माझ्याकडं बघितलं. तिला पहिल्या दिवसाची शाल आठवली असणार, मला तर आठवलीच. मी माझ्या कोल्हापुरी हिंदीत सांगून टाकलं, "रोएगी तो मैं हूँ ना! मीनल नहीं आएगी."

बोलून बसले खरी. आता ते निभावायचं होतं.

वाटीभर दूध

दुपार कलली तशी खाडी उतरायला लागली. मीनलनं सईला पोटभर पाजलं, वाटीभर दूध काढून सकिनाच्या फ्रीजमध्ये ठेवलं आणि ती समितीला घेऊन मोठ्या होडीत बसली. पुळण हळूहळू वर आली. लांबून ती सगळी माणसं बोटाएवढी दिसत होती. मीनल वाकलेली, मॅडम तिच्या मागोमाग, आणि सर बरेच मागे. सर एके ठिकाणी थांबले ते थांबलेच. नंतर कळलं, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले होते. त्यांना उपसून काढण्यात होडी चालवणाऱ्या तांडेलाचं लक्ष गेलं आणि तेवढ्यात होडी वाळूवर बसली. आता भरतीचं पाणी येऊन ती उचलेपर्यंत कुणालाच परतता येणार नव्हतं. छोटी होडी मात्र धक्क्याला होती. एक माणूस तिच्यातून येऊ शकला असता.

सई उठली. भुकेली होती. मी शांतपणे फ्रीजमधून दूध काढलं, पातेल्यात ओतलं आणि गॅसवर ठेवलं.

हसू नका. आमच्या कोल्हापुरात दूध म्हणजे तापवायचं. सकाळी गवळी रतीब घालून गेला की पातेलं गॅसवर, आल्यागेल्याला दूध द्यायचं तेही तापवून. चाळीस वर्षांची सवय! ते दूध कुणाचं, याचा विचार करायला हात थांबलेच नाहीत. सरावात वाटी कोमट करून हातात द्यायची ती मीनल. सई ओरडत होती म्हणून तिला घ्यायला वळले, तिला खांद्यावर टाकली, ओटीवर दोन येरझारा घातल्या. करपल्याचा वास आला तेव्हा धावले. वाटीभर दुधाचं काय राहणार? पातेल्याच्या बुडाला तपकिरी पापुद्रा.

सकिना दारात उभी होती. "मावशी, तुमी ता दूध तापवलंत?"

"तापवलं गं बाई!"

"आईचा दूध तापवतात काय कुणी?"

मला रडू फुटलं. कप्पाळ माझं, म्हणून मी खरोखरच कपाळावर हात मारून घेतला.

सईला पाणी चाटवलं, साखरेचं बोट दिलं, तिनं थुंकून टाकलं. पेज तिला अजून सुरू केलेली नव्हती. रडून रडून पोर काळंनिळं झालं. मी तिला घेऊन धक्क्यावर गेले. शाल खांद्यावरच होती. पुळणीवर मीनल ओणवी होऊन काम करत होती, तिनं वर बघितलं नाही. मुद्दाम बघत नव्हती, मला ठाऊक होतं. शाल हलवली की ती येणार, धावत येणार. समितीच्या डोळ्यांदेखत काम अर्धं टाकून येणार, आणि सर अगदी प्रेमानं म्हणणार, "देखा? मैंने कहा था." तिथंच सगळं संपणार. आणि नाही हलवली तर हे पोर? पोराच्या जिवाशी खेळायचा मला काय अधिकार? हात शालीकडं गेला होता, खोटं कशाला बोलू.

सकिना मागं येऊन उभी राहिली. "मावशी, मी पाजू?"

मी वळून बघितलं. ती पुढं म्हणाली, "पण आधी अम्मांना इचाराय हवा. आनी तुमीपन हो म्हनाय हवा."

हलीमाबी ओटीवर आल्या. बाकीच्या वेळी घाईघाईनं बोलणारी ती बाई आता सावकाश बोलायला लागली. "बघा बाय, आमच्यात दुदाचा नाता रक्तासारका. आज सकिनानं पाजला, की तुमची पोर नि आमचा इरफान दूदभाव-दूदबहीण. मरंपर्यंत. ही पोर माझी नात व्हईल. उद्या दोघांनी लगीन करू म्हटला, तरी चालायचा नाय. तुमाला कबूल हाय?"

पोर कंठ फुटेस्तोवर रडतंय आणि ही बाई मला वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या लग्नाचं विचारतेय! मला रडता रडता हसू आलं. पण त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांच्या लेखी ती मोठी गोष्ट होती. घरात कायमचं एक माणूस वाढणार होतं, म्हणून त्या विचारून घेत होत्या. आमच्या नात्यातल्या दोघी-तिघींची तोंडं माझ्या डोळ्यांसमोर आली. त्या काय म्हणतील ते शब्द न् शब्द मला पाठ होतं. म्हणू देत! त्यांच्यातली एकही जण मीनलचं पोर धरायला आली नव्हती.

"कबूल आहे," मी म्हटलं. "पाजा."

सकिनानं बिस्मिल्ला म्हणून सईला जवळ घेतलं. पोरीनं आधी तोंड फिरवलं, वास वेगळा. मग लागली, आणि असा आवाज करत प्यायला लागली की हलीमाबी म्हणाल्या, "अगो, कोल्लापूरची ती! खातेय बघ कशी!" मी पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले.

होडी आली

पाणी चढलं, होडी उचलली, आणि दिवस मावळता मावळता सगळे परत आले. मीनल पायऱ्या पळत चढली. तिचा ब्लाऊज पुढून भिजून गेला होता. पोराची वेळ झाली की आईच्या अंगाला घड्याळ न बघता कळतं. तिला तिथं चिखलात उभ्या उभ्या कळलं होतं आणि ती काम करत राहिली होती.

सई तृप्त होऊन झोपली होती. मी मीनलला सगळं सांगितलं, दूध करपवलं तेही सांगितलं. आई ती आहे, मी नाही. न विचारता केलं होतं.

आतून इरफानचं रडणं ऐकू येत होतं. त्याच्या वाटचं सईनं संपवलं होतं आणि सकिना त्याला नुसतीच थोपटत होती. मीनलनं पायांवर पाणी घेतलं, हात धुतले, आत गेली आणि सकिनासमोर हात पुढं केले.

"दे त्याला."

सकिनानं हलीमाबींकडं बघितलं. हलीमाबींनी मान हलवली. मीनल भिंतीला टेकून बसली आणि तिनं इरफानला पदराखाली घेतलं. मला त्या क्षणी माझ्या सुनेचा एवढा अभिमान वाटला की काही विचारू नका. अभिजितच्या पहिल्या नंबराच्या वेळीही नव्हता वाटला.

मॅडम पाय धुवायला आत आल्या. एक चप्पल चिखलात गेली होती, साडी गुडघ्यापर्यंत माखलेली. त्यांनी झोपलेली सई बघितली, मग मीनलच्या पदराखालचे पाय बघितले. "ये किसका बच्चा है?"

"सकिना का," मीनल म्हणाली. "मेरी बच्ची को इसने पिलाया, मैं वहाँ थी तब."

मॅडम तिथंच जमिनीवर बसल्या, त्या चिखलाच्या साडीनिशी. हळू आवाजात म्हणाल्या की त्यांचा मुलगा त्यांच्या आईकडं लहानाचा मोठा झाला. तो आहे हे त्यांनी ऑफिसात कितीतरी वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. तो तापानं फणफणला तरी मीटिंगला हसतमुखानं बसायच्या. "मैंने सोचा था, छुपाना ही पड़ता है," त्या म्हणाल्या.

"हम नहीं छुपाते," मी म्हटलं. "हमारी बच्ची का आवाज ही बड़ा है." मॅडम पहिल्यांदा हसल्या.

सर दारात उभे होते. मॅडम त्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "काम मैंने देखा है. अच्छा काम है. प्रोजेक्ट इन्हीं का है, इन्हीं के पास रहेगा. और बच्ची के जो महीने गए, वो मैं आगे जोड़ने को लिखूँगी."

"मगर मैडम, ऐसा कोई नियम नहीं है," सर म्हणाले.

"मनाही भी नहीं है."

सर आपल्या चिखलानं माखलेल्या पँटकडं बघत म्हणाले, "ठीक है." हलीमाबींनी त्यांना गरम पाणी दिलं आणि वर कांदा-लसूण चटणी लावून घावनं वाढली. बिचाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी त्यांनी सगळी संपवली.

इरफान पिऊन मीनलच्या मांडीवर झोपला होता. त्याला उठवायला नको म्हणून ती न हलता रडत राहिली, आणि मी तिचं तोंड पुसत राहिले.

पुळण

दुसऱ्या दिवशी समिती गेली. ओहोटीची वेळ झाली तशी मीनल सामान काढायला लागली. हलीमाबी ओटीवर बसल्या होत्या, एका मांडीवर इरफान, दुसऱ्या मांडीवर सई.

"तुमी काय बगतांव बसून?" त्या मला म्हणाल्या. "माझी नातवंडा मी बगतंय. तुमी जा सुनेबरोबर."

मी मीनलकडं बघितलं. तिनं होडीत माझ्यासाठी जागा केली.

मी साडीचा काचा मारला आणि पुळणीवर उतरले. पायाखाली थंडगार चिखल होता, त्यात बारीक बारीक भोकं, आणि प्रत्येक भोकाखाली एक जीव. मीनलनं वाळूवर लोखंडी चौकट टाकली. तिच्या आतलं सगळं उकरायचं, चाळायचं, मोजायचं. पाणी उतरलेलं होतं, पण ते थांबणार नव्हतं.

"आई, ही चौकट घट्ट धरा," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत हलवू नका."

मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी धरली.